खोली, दालन आणि नाव : एका वसतिगृहाच्या नूतनीकरणाचा इतिहास

वाङ्मयाच्या इतिहासात घरांना स्थान असते, वसतिगृहांना नसते. कवीचा जन्म ज्या वाड्यात झाला त्यावर फलक लागतो, कादंबरीकाराने ज्या खोलीत अखेरचा श्वास घेतला तिचे स्मारक होते. पण लेखकाच्या आयुष्यातील ज्या तीन-चार वर्षांत त्याचे वाचन, मैत्री आणि बंडखोरी यांना आकार आला, ती वर्षे ज्या सार्वजनिक, भाड्याच्या, दरवर्षी नव्या माणसाला मिळणाऱ्या खोलीत गेली, तिची नोंद चरित्रात एका वाक्यापलीकडे जात नाही. कारण उघड आहे. वसतिगृहातील खोली कोणाचीच नसते. जूनमध्ये ती ज्याची असते त्याची पुढच्या एप्रिलनंतर नसते. आम्ही ज्या वसतिगृहात राहिलो तेथे दर उन्हाळ्यात चुन्याचा नवा हात फिरे, आणि भिंतीवर पेन्सिलने लिहिलेल्या ओळी, हिशेब, शिव्या आणि परीक्षेच्या तारखा त्याखाली जात. त्या वेळी आम्हांला ती केवळ साफसफाई वाटे. आज वाटते, दर वर्षी एक हस्तलिखित खरवडून कोरे केले जात होते.

जुन्या विद्यापीठीय वसतिगृहांचे नूतनीकरण आणि विस्तार हा विषय वास्तुविशारदांचा आणि अभियंत्यांचा मानला जातो. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की जुन्या इमारतीचे नूतनीकरण आणि जुन्या ग्रंथाचे संपादन ही मूलतः एकाच जातीची कामे आहेत. काय राखायचे, काय गाळायचे, नंतरच्या हातांनी घातलेली भर प्रक्षिप्त म्हणून काढायची की तीही इतिहास म्हणून ठेवायची, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. या लेखात आम्ही एकच उदाहरण घेत आहोत : न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील हार्टली आणि लिव्हिंग्स्टन ही दोन वसतिगृहे. मराठी वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन गेलेला भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी या दोन्ही इमारतींत राहिला होता.

*

कोलंबियाने मॅनहॅटनच्या मध्यभागातील आपली अपुरी जागा सोडून १८९७ मध्ये शहराच्या उत्तरेला, मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर बस्तान हलवले. नव्या परिसराचा आराखडा चार्ल्स मकिम या वास्तुविशारदाचा. मध्यभागी घुमटाचे लो ग्रंथालय, भोवती लाल वीट आणि फिक्या चुनखडीच्या दगडातील इमारती, अशी त्याची रचना. मात्र पहिली काही वर्षे या परिसरात वर्ग होते, ग्रंथालय होते, पण मुक्कामाला कोणी नव्हते. एकोणिसाव्या शतकातील कोलंबिया हे प्रामुख्याने घरून ये-जा करणाऱ्या शहरी मुलांचे महाविद्यालय होते.

वसतिगृहे हवीत हा आग्रह १९०२ साली अध्यक्षपदी आलेल्या निकोलस मरे बटलर यांच्या कारकिर्दीत बळावला. बटलर पुढे १९४५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांना कोलंबिया हे न्यूयॉर्कचे नव्हे, तर राष्ट्राचे विद्यापीठ करायचे होते, आणि दूरच्या राज्यांतून मुले यायची तर त्यांना राहायला जागा हवी. १९०५ मध्ये हार्टली आणि लिव्हिंग्स्टन या दोन इमारती अ‍ॅम्स्टरडॅम अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला, साउथ फील्ड या मैदानाच्या पूर्व बाजूस उभ्या राहिल्या. हार्टली ही मार्सेलस हार्टली या शस्त्रास्त्र-उद्योजकाच्या स्मरणार्थ त्याच्या मुलीने आणि नातवाने दिलेली देणगी. लिव्हिंग्स्टनला नाव मिळाले ते रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांचे. ते या संस्थेचे अठराव्या शतकातील विद्यार्थी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या पाच जणांच्या समितीत ते होते आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांना अध्यक्षपदाची पहिली शपथ त्यांनीच दिली.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची वसतिगृहे चौकाभोवती पसरलेली, जिन्यागणिक मोजक्या खोल्यांची. मॅनहॅटनमध्ये जमीन महाग. तेव्हा मकिमने उंच, बहुमजली इमारती योजल्या. आत मधोमध लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि प्रत्येक मजल्यावर सामायिक स्नानगृह. आपल्याकडच्या चाळीत आणि या रचनेत फरक इतकाच, की चाळीची गॅलरी उघडी असते आणि हा बोळ बंद. सामाजिक परिणाम मात्र सारखा. दात घासायला जाताना सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडते.

या वसतिगृहांच्या मागे केवळ सोय नव्हती, हे इतिहासकारांनी आता स्पष्ट केले आहे. कार्ला यानी यांनी २०१९ च्या ‘लिव्हिंग ऑन कॅम्पस’ या ग्रंथात अमेरिकन वसतिगृहांचा वास्तु-इतिहास लिहिताना दाखवून दिले, की वसतिगृह हे योग्य माणसांना योग्य माणसांच्या सहवासात ठेवण्याचे, म्हणजेच काहींना बाहेर ठेवण्याचेही, साधन होते. कोलंबियाच्या बाबतीत हा ‘राष्ट्रीय’ होण्याचा आग्रह आणि न्यूयॉर्कमधील स्थलांतरित ज्यू कुटुंबांतून येणाऱ्या हुशार मुलांची वाढती संख्या या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर तेथे निवडक प्रवेशाची जी पद्धत रूढ झाली तिचा रोख त्या मुलांची संख्या आवरण्याकडे होता. वीट आणि चुनखडी या इतिहासाविषयी बोलत नाहीत. म्हणून तो इमारतीवरून नव्हे, कागदांवरून वाचावा लागतो.

*

१९१३ च्या जुलैमध्ये आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांपुरती. प्रथम ते हार्टली हॉलमध्ये उतरले. तेथील जेवण न मानवल्याने लवकरच ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, जेथे आणखी काही भारतीय विद्यार्थी होते. आणि नंतर नवल भथेना या पारशी मित्रासह लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहू लागले. ही माहिती चरित्रकारांनी दिली आहे, आणि बहुधा तेवढीच देऊन ते पुढे जातात. सेलिग्मन, ड्यूई, गोल्डनवायझर यांचे वर्ग, ग्रंथालयातील तासन्‌तासांचे वाचन, १९१६ च्या मे महिन्यात चर्चासत्रात वाचलेला भारतातील जातींविषयीचा निबंध, यांपुढे खोलीचे महत्त्व ते काय?

आम्हांला वाटते, फार आहे. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या तरटावर बसलेल्या, तहान लागली असता शिपायाची वाट पाहिलेल्या विद्यार्थ्याला येथे प्रथमच एक सामायिक नळ, एक सामायिक जिना आणि एक शेजारी मिळाला. भथेनांशी येथे जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे पैशाच्या अडचणीत ती उपयोगी पडली. वर्गात समतेचा सिद्धान्त कळतो, पण ती अंगवळणी पडते ती बोळात. १९३५ नंतर लिहिलेल्या आणि पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या आठवणींत बाबासाहेबांनी म्हटले आहे, की युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून गेली होती.

ती जाणीव परत आली तीही निवाऱ्याच्या प्रश्नानेच. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे नोकरीसाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा स्थानकावर उभे असताना पहिला प्रश्न पडला तो ‘राहायचे कोठे?’ हा. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक होते. एका पारशी धर्मशाळेत ते खोटे पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावरील त्या मोठ्या, काळोख्या दालनात दुसरा पाहुणा नव्हता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना हुसकावून लावले. कामाठी बागेत बसून त्यांनी ती संध्याकाळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ज्या समाजातील एका तरुणाने न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याबरोबर एका छताखाली दिवस काढले, त्याच समाजातील माणसांनी बडोद्यात त्यांना छताबाहेर काढले. माणसे एकाच समाजाची. फरक होता तो घराच्या नियमांचा. लिव्हिंग्स्टनमध्ये खोली मिळण्याची अट शुल्क भरणे ही होती, बडोद्याच्या धर्मशाळेत ती जन्म ही होती.

*

येथेच थांबलो तर अमेरिकन वसतिगृहाची एक सोयीस्कर आरती तयार होईल. तसे होऊ नये म्हणून आठ वर्षे पुढे जाऊ. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये मेक्सिकोहून पत्राने जागा राखून ठेवलेला एक एकोणीस-वीस वर्षांचा विद्यार्थी हार्टली हॉलमध्ये राहण्यासाठी आला. वसतिगृहाच्या कार्यालयात त्याला पाहिल्यावर सांगण्यात आले, की जागा शिल्लक नाही. पत्रावरून त्याचा रंग कळला नव्हता. आधीचे आरक्षण दाखवल्यावर, बरीच कुजबुज झाल्यावर, त्याला खोली देणे भाग पडले. हा विद्यार्थी म्हणजे लँग्स्टन ह्यूज. वर्षभरात त्याने कोलंबिया सोडले आणि टेकडीखालच्या हार्लेमला आपली खरी शाळा मानले. १९४० च्या ‘द बिग सी’ या आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग फारसा आवाज न चढवता सांगितला आहे.

एकच इमारत, तोच बोळ, तेच कार्यालय. १९१३ मध्ये ती एका भारतीय अस्पृश्याला विनाप्रश्न आत घेते आणि १९२१ मध्ये एका अमेरिकन कृष्णवर्णीयाला उंबऱ्यावर अडवते. आंबेडकरांची जात तेथील कारकुनाला वाचता येत नव्हती. ह्यूजचा रंग मात्र त्याला शिकवूनच ठेवलेला होता. प्रत्येक समाज आपापल्या लिपीतच भेद वाचतो, आणि दुसऱ्याच्या लिपीबाबत तो निरक्षर असतो. त्या निरक्षरतेलाच परदेशी पाहुणा कधीकधी औदार्य समजतो. आंबेडकरांना मिळालेली मोकळीक खरी होती, तिचा परिणामही खरा होता. पण ती त्या इमारतीचा गुण होती असे म्हणता येणार नाही.

१९२४ मध्ये तर याहून वाईट घडले. मैदानाच्या पलीकडच्या फर्नाल्ड हॉलमध्ये, जे १९१३ साली म्हणजे आंबेडकर पोचले त्याच वर्षी उघडले होते, फ्रेडरिक वेल्स हा कृष्णवर्णीय विधी-विद्यार्थी राहत होता. त्याने खोली सोडावी म्हणून धमक्या आल्या, आणि मैदानावर कू क्लक्स क्लॅनच्या रीतीने क्रूस पेटवण्यात आला. वेल्सने खोली सोडली नाही. पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याच फर्नाल्डमध्ये स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्का येऊन राहिला. पुढे १९२७ च्या सुमारास बांधलेल्या जॉन जे हॉलमध्ये गेला. न्यूयॉर्कवरील त्याच्या कवितांचे पुस्तक त्याच्या हत्येनंतर, १९४० साली, निघाले. ह्यूजचे आत्मचरित्र आणि लोर्काचा हा संग्रह यांचे प्रकाशनवर्ष एकच असावे, आणि दोन्ही पुस्तकांची एक वाट या मैदानाच्या कडेच्या वसतिगृहांतून जावी, हा योगायोग साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

*

आता नूतनीकरणाकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही वसतिगृहे थकली होती. अ‍ॅलन गिन्सबर्गची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९४५ मध्ये त्याने आपल्या खोलीच्या खिडकीवर साचलेल्या धुळीत बोटाने काही अश्लील व अध्यक्ष बटलर यांना अपमानकारक मजकूर लिहिला, आणि त्यापायी त्याला महाविद्यालयातून काही काळ काढण्यात आले. तो मजकूर लिहिण्याचा हेतू सफाई करणाऱ्या बाईने काच पुसावी एवढाच होता, असे स्पष्टीकरण सांगितले जाते. खरेखोटे काहीही असो. काच पुसलेली नव्हती एवढे मात्र या गोष्टीवरून निश्चित होते.

जुने वसतिगृह नवे करताना अडचण बाहेरच्या भिंतीची नसते, पोटातील नळांची असते. बोळाच्या रचनेत स्नानगृहे प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक येतात, म्हणून पाण्याचा आणि मैल्याचा एखादाच उभा मार्ग पुरतो. त्याऐवजी सहा-आठ विद्यार्थ्यांचा एकेक गट, त्यांचे स्वतंत्र स्नानगृह आणि स्वयंपाकघर अशी रचना करायची, तर असे अनेक मार्ग नव्याने, जुन्या तक्तपोशी फोडून, खाली-वर न्यावे लागतात. त्यात विजेची जुनी तारजोडणी, आगीच्या वेळचे जिने, अपंगांसाठी उद्वाहक आणि रुंद दरवाजे, १९८३ मध्ये कोलंबिया कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाल्यावर स्नानगृहांची बदललेली गरज, आणि पुढे संगणकाच्या तारा यांची भर पडते. शिवाय मुले राहत असताना हे काम होत नाही. एकतर ते उन्हाळ्याच्या तुकड्यातुकड्यांत उरकावे लागते, नाहीतर इमारत रिकामी करून मुलांची अन्यत्र सोय लावावी लागते.

हार्टली आणि लिव्हिंग्स्टन या दोन्ही इमारतींत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सर्व झाले. बाहेरची लाल वीट आणि चुनखडी जागच्या जागी राहिली. आतील लांब बोळ मोडले, आणि त्यांच्या जागी दिवाणखाना, स्वयंपाकघर व खोल्या असे गट आले. काही ठिकाणी दोन मजले आतल्या जिन्याने जोडले गेले. लिव्हिंग्स्टनचे नावही गेले. नूतनीकरणाला हातभार लावणारे माजी विद्यार्थी व उद्योजक आयरा वॉलाक यांच्या नावाने ती इमारत आज वॉलाक हॉल म्हणून ओळखली जाते. बाबासाहेबांच्या चरित्रातील ‘लिव्हिंग्स्टन हॉल’ शोधत जाणाऱ्या मराठी माणसाला त्या नावाची इमारत सापडत नाही, ती यामुळे.

या ठिकाणी आपल्या भाषेतील एक शब्द आम्हांला उपयोगी वाटतो. नूतनीकरणाला आपल्याकडे जुना प्रतिशब्द आहे, जीर्णोद्धार. जीर्णोद्धारात इमारत पूर्ण बदलली तरी चालते. अहिल्याबाई होळकरांनी काशीला विश्वेश्वराचे मंदिर नव्याने बांधले. दगड नवे, शिखर नवे, पण देव तोच, म्हणून मंदिर तेच. आपल्या परंपरेत गाभारा राखतात, भिंतींचे फारसे काही वाटत नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर मोठा वाद झाला. व्हिओले-ल-द्युकच्या मते वास्तूला तिच्या आदर्श, पूर्ण रूपात आणावे. रस्किनच्या मते असे करणे म्हणजे वास्तूचा संपूर्ण नाशच, जे आहे ते सांभाळावे. दोघांचेही लक्ष दगडावर होते. अमेरिकन विद्यापीठांनी व्यवहारात काढलेली तोड तिसरीच : दर्शनी भाग राखायचा, पोट बदलायचे. हा जीर्णोद्धाराच्या नेमका उलट प्रकार झाला. शिखर तेच, गाभारा नवा.

मग वसतिगृहाचा गाभारा कोणता? आमचे उत्तर वर येऊन गेले आहे : बोळ. जेथे अनोळखी माणसांची अटळ गाठ पडते ती जागा. नव्या रचनेत सहा-आठ मित्र मिळून गट मागतात आणि दार लावून घेतात. आराम वाढला, स्वच्छता वाढली, आजारपणे कमी झाली असतील. कोणाही विद्यार्थ्याने जुन्या बोळाकडे परत जाण्याची मागणी केली तर आम्हांला आश्चर्य वाटेल. पण ज्याला आपण निवडले नाही अशा शेजाऱ्याची सवय लागणे हे जे शिक्षण त्या गैरसोयीत होते, ते आराखड्यातून वजा झाले. नवल भथेना आणि भीमराव आंबेडकर एका गटात राहिलेच असते; प्रश्न इतरांचा आहे.

अर्थात बोळ गेला म्हणजे इतिहास संपला असेही नाही. राहणारे लोकही इमारत बदलत असतात. १९७० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हार्टली हॉलमधील, पूर्वी नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी असलेले दालन ताब्यात घेतले आणि त्याला माल्कम एक्सचे नाव दिले. ह्यूजला ‘जागा नाही’ असे सांगणाऱ्या इमारतीत अर्धशतकाने ही जागा झाली. तिला वास्तुविशारद नव्हता, देणगीदार नव्हता, उद्‌घाटनाची कोनशिला नव्हती. तरीही हार्टली हॉलच्या सर्व नूतनीकरणांत आम्हांला हेच सर्वांत मूलगामी वाटते, कारण त्याने भिंत न हलवता इमारतीचा अर्थ हलवला.

*

विस्ताराची कथा अधिक कडू आहे. मॉर्निंगसाइड हाइट्स हा उंचवटा लहान. विद्यापीठ वाढले तसे ते शेजाऱ्यांच्या घरांत शिरले. १९६० च्या दशकात कोलंबियाने आसपासच्या अनेक निवासी इमारती आणि एकेक खोली भाड्याने देणारी हॉटेले विकत घेतली, आणि तेथील भाडेकरूंना, ज्यांत गरीब कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन मोठ्या संख्येने होते, हलवले. मॉर्निंगसाइड पार्कमध्ये बांधायच्या व्यायामशाळेला वर विद्यापीठासाठी एक दार आणि खाली हार्लेमच्या रहिवाशांसाठी दुसरे दार अशी योजना झाली, तेव्हा १९६८ च्या वसंतात उद्रेक झाला. हार्टलीच्या शेजारचा हॅमिल्टन हॉल विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला. व्यायामशाळा रद्द झाली. या दोन दारांचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. गावाच्या पाणवठ्याचा आराखडा त्याला पाठ आहे.

पुढे विद्यापीठ हार्लेमच्या पश्चिमेस मॅनहॅटनव्हिल भागात वाढले. त्या योजनेला शहराने २००७ मध्ये मान्यता दिली, आणि सक्तीच्या भूसंपादनावरील खटला २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने योजनेच्या बाजूने निकाली काढला. विद्यापीठाची बाजूही आहे : विद्यार्थ्यांना परवडणारी जागा दिली नाही तर तेच शेजारच्या वस्तीत जाऊन भाडी वाढवतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. वसतिगृह बांधताना ज्या घरांवर ते उभे राहिले त्यांची नोंद ठेवावी, एवढी किमान अपेक्षा मात्र इतिहासाने करावी.

नावांची गोष्टही याच हिशेबातील. लिव्हिंग्स्टन घराणे गुलामांच्या मालकीत आणि व्यापारात गुंतलेले होते; पण नाव बदलले ते देणगीमुळे. उलट २०२० मध्ये विद्यापीठाने वैद्यकीय परिसरातील बार्ड हॉल या वसतिगृहाचे नाव काढले ते सॅम्युएल बार्ड गुलाम बाळगत होते म्हणून, जाहीर विचार करून. पैशाने पुसलेले नाव आणि विवेकाने पुसलेले नाव यांत फरक आहे. पहिल्यात विस्मरण आहे, दुसऱ्यात निदान स्मरण करण्याचा प्रयत्न आहे.

*

बाबासाहेबांनी लिव्हिंग्स्टन हॉलचा धडा आपल्याकडे आणला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आपल्याकडे तो आधीच सुरू झाला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे काढली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवले. पण बहिष्कृत हितकारिणी सभेची १९२४ मध्ये स्थापना झाल्यावर तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, जे १९२५ च्या जानेवारीत सुरू झाले, ही गोष्ट बडोद्याच्या त्या संध्याकाळीशी जोडल्यावाचून आम्हांला वाचता येत नाही. शाळेच्या आधी राहण्याची जागा, हा क्रम अनुभवातून आलेला होता.

१९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. त्याच्या वसतिगृहांत मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली पहिली पिढी राहिली, आणि त्या परिसरातून १९६० च्या दशकात दलित साहित्याची चळवळ पुढे आली. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले होते आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी तरुणांचे लक्ष वेधले. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ही याच वातावरणातून उभे राहिले. हार्टली हॉलमध्ये आंबेडकर आणि ह्यूज यांची भेट होणे शक्य नव्हते. पण नागसेनवनातील मुलांच्या वाचनात एका वसतिगृहाचे हे दोन निवासी शेजारी झाले.

स्मरणाचे दोन मार्ग आज आपल्यासमोर आहेत. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. निवासी घराचे संग्रहालय होऊ शकते का यावर तेथील नगरपरिषदेशी वाद झाला, आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. ते घर आता पाहण्याचे स्थळ आहे. न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अर्धपुतळा १९९१ साली विद्यापीठाला भेट मिळाला आणि तो ग्रंथालयात आहे. लिव्हिंग्स्टन हॉल मात्र दुसऱ्या नावाने, बदललेल्या पोटाने, अजूनही विद्यार्थ्यांचे घर आहे. एका ठिकाणी खोली राखली आणि राहणारा गेला; दुसऱ्या ठिकाणी खोली गेली आणि राहणारे आले. दोन्हींतील एकच निवडायचे झाले तर आम्ही दुसऱ्याच्या बाजूने मत देऊ. वसतिगृहाचा देव म्हणजे तेथे नव्याने येणारा मुलगा किंवा मुलगी. तो गाभारा रिकामा ठेवून शिखर जपण्यात अर्थ नाही.

मात्र एक अट घालून. चांगला संपादक पाठ बदलतो तेव्हा तळटीपेत जुना पाठ देतो. आपल्याकडील पन्नास-शंभर वर्षांची वसतिगृहे आज दुरुस्तीला आली आहेत, काही पाडली जातील, काहींवर मजले चढतील. त्यांना काचेच्या पेटीत ठेवा असे आम्ही म्हणणार नाही. गळके छत हा वारसा नव्हे. पण पाडण्यापूर्वी मूळ आराखडा जतन व्हावा, कोणत्या वर्षी कोणाला कोणती खोली दिली गेली हे सांगणारी रजिस्टरे रद्दीत जाऊ नयेत, आणि ज्यांना ‘जागा नाही’ असे सांगण्यात आले त्यांचे अर्जही त्यांच्याबरोबर राहावेत. हार्टली हॉलच्या विटांनी ह्यूजविषयी आपल्याला काहीच सांगितले नाही; त्याच्या पुस्तकाने सांगितले. प्रत्येक अडवलेला विद्यार्थी पुस्तक लिहीत नाही. त्याच्या वतीने बोलायला रजिस्टर तरी शिल्लक असावे.